हवेत नंबर कोण लावणार?

7 जून 2010. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमधलं खचाखच भरलेलं सभागृह. मंचावर स्टीव्ह जॉब्स हातातला नवा आयफोन 4 दाखवत होते. जुन्या फोनचा पडदा आणि नव्या फोनचा पडदा शेजारी शेजारी ठेवायचे, दोन्हींवर ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं पान उघडायचं आणि अक्षरं किती रेखीव दिसतात ते लोकांना पाहू द्यायचं, एवढाच बेत होता. पान उघडेना. जॉब्स थांबले, पुन्हा प्रयत्न केला, मग दुसऱ्या विषयाकडे वळले. थोड्या वेळाने त्यांनी सभागृहाला कारण सांगितलं. त्या एका दालनात 570 वाय-फाय केंद्रं चालू होती. बातमी लिहायला आलेल्या मंडळींनी आपापले खिशातले राउटर सुरू करून ठेवले होते. ते बंद करा, लॅपटॉप जमिनीवर ठेवा, तरच पुढचं दाखवता येईल, अशी विनंती त्यांना करावी लागली.

त्या 570 चा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. वाय-फायचं प्रत्येक केंद्र, कोणी जोडलेलं असो वा नसो, सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत पुकारतं. म्हणजे त्या दालनात सेकंदाला सुमारे 5,700 पुकारे. त्या काळचे खिशातले राउटर हा पुकारा बहुधा सर्वांत संथ वेगाने, सेकंदाला दहा लाख बिट या दराने, करत. दोनशेक बाइटचा एक पुकारा संपायला दोन हजारांश सेकंदाच्या थोडा आतबाहेर वेळ लागतो. 5,700 पुकाऱ्यांना झाले दहा सेकंद. आणि 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच. तेव्हा दर सेकंदाला हवेत जागा होती तीन सेकंदांची आणि नुसत्या नावांनाच हवे होते दहा. सगळी केंद्रं सगळ्यांना ऐकू जात नाहीत, म्हणून गणित इतकं टोकाला जात नाही. पण एकानेही एक अक्षर मागवण्याआधी त्या दालनातली हवा भरत आली होती, हे त्यावरून कळतं.

सभागृहात इंटरनेटची तार कमी पडली नव्हती. कमी पडले होते बोलण्याचे नंबर. गर्दीच्या जागी बिनतारी जाळं उभारणाऱ्यांचा सगळा इतिहास या नंबरांभोवती फिरतो आणि तो वाय-फायच्या कितीतरी आधी, तारेच्या टेलिफोनपासून सुरू होतो.

डेन्मार्कमध्ये 1878 साली जन्मलेले आग्नर क्रारुप एर्लांग 1908 मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरीला लागले. गणिताच्या जगात ‘येन्सनची असमानता’ म्हणून ओळखला जाणारा नियम ज्यांच्या नावावर आहे ते योहान येन्सन याच कंपनीत मुख्य अभियंता होते. एर्लांगना तिथे नेलं ते त्यांनीच. कंपनीपुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. शहरात हजारो ग्राहक, पण सगळे एकाच वेळी बोलत नाहीत. मग दोन एक्स्चेंजच्या मध्ये तारा किती टाकायच्या? जास्त टाकल्या तर पैसा मातीत, कमी टाकल्या तर ऐन गर्दीच्या तासाला ग्राहक खोळंबतो. मोजमापासाठी एर्लांग कोपनहेगनच्या रस्त्यांवर फिरत आणि त्यांच्यामागून एक कामगार शिडी घेऊन चाले. रस्त्याखालच्या केबलच्या खड्ड्यांत उतरायला ती लागे.

1909 आणि 1917 च्या लेखांमध्ये त्यांनी जे सूत्र मांडलं ते आजही टेलिफोनच्या अभ्यासक्रमात शिकवलं जातं. शंभरातल्या एकाच ग्राहकाला परत जावं लागलं तर चालेल, असं ठरवलं तर दहा तारांवर एका वेळी सरासरी साडेचार संभाषणं पेलतात. शंभर तारा एकत्र केल्या तर मात्र 84. तारा दहापट, काम जवळपास एकोणीसपट. मोठ्या समाईक साठ्यात एकाची सवड दुसऱ्याच्या कामी येते, हे त्यामागचं मर्म. 1946 मध्ये टेलिफोनच्या रहदारीच्या एककाला ‘एर्लांग’ हेच नाव मिळालं.

या हिशेबाची झळ मराठी घरांनीही सोसली आहे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं 1882 मध्ये, पण गावोगावच्या तारा कमी त्या कमीच राहिल्या. ट्रंक कॉल बुक करून फोनशेजारी बसून राहायचं, ‘ऑर्डिनरी’ लागत नाही म्हणून ‘अर्जंट’ करायचा, अगदीच जिवावरचं असेल तर ‘लाइटनिंग’. दर वाढवत न्यायचे आणि रांगेत पुढे सरकायचं. त्रास होता, पण एक गोष्ट पक्की होती: नंबर लावणारी बाई एक्स्चेंजमध्ये बसलेली होती. कोण आधी, कोण नंतर, हे ती ठरवत होती.

हवाईच्या बेटांवर ही बाईच काढून टाकली गेली.

नॉर्मन अब्रॅमसन यांना लाटांवर फळी घेऊन खेळण्याचा नाद होता आणि हवाई विद्यापीठात ते मुक्कामाला आले त्यात या नादाचा वाटा होता. विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर, तो वापरू पाहणारे लोक इतर बेटांवर, आणि मधल्या टेलिफोनच्या तारा महाग व भरवशाच्या नाहीत. अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ वापरायचं ठरवलं. प्रत्येकाला वेगळी वारंवारता देणं परवडणारं नव्हतं, कारण टंकलेखन यंत्रासमोर बसलेला माणूस बहुतेक वेळ विचारच करत असतो. म्हणून सगळ्यांना एकच वारंवारता दिली आणि नियम असा केला की ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा त्याने आपलं पाकीट, फार तर ऐंशी अक्षरांचं, हवेत सोडून द्यावं. मध्यवर्ती संगणकाकडून पोच आली तर ठीक. नाही आली तर कोणाच्या तरी पाकिटाशी टक्कर झाली असं समजावं, थोडा वेळ, प्रत्येकाने वेगळा आणि नशिबावर सोडलेला, थांबावं आणि पुन्हा पाठवावं. जून 1971 मध्ये ‘अलोहानेट’ चालू झालं.

नंबर लावणारं कोणी नाही, तरी काम चालतं, ही त्या काळी अचंब्याची गोष्ट होती. तिची किंमतही अब्रॅमसननी स्वतःच मोजून ठेवली. अशा मोकळ्या हवेचा फार तर 18.4 टक्के वेळ कामी येतो. त्याहून जास्त बोलणं झालं की टक्करी वाढतात, टक्करी वाढल्या की फेरपाठवणी वाढते, फेरपाठवणीने आणखी टक्करी होतात आणि पोचणारी पाकिटं वाढण्याऐवजी घटत जातात. लॅरी रॉबर्ट्‌सनी 1972 मध्ये घड्याळाचे ठोके ठरवून दिले: बोलायचं तर ठोक्याला सुरुवात करायची. एवढ्या शिस्तीने आकडा दुप्पट होऊन 36.8 वर गेला. गर्दीच्या वाय-फायला पुढे जी जी दुखणी जडली, त्यांचं मूळ या दोन आकड्यांत सापडतं.

झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या प्रयोगशाळेतल्या बॉब मेटकाफ यांनी अब्रॅमसनचा लेख वाचला आणि 1973 मध्ये तीच कल्पना केबलवर आणली. तिचं नाव ईथरनेट. केबलवर एक सोय होती. बोलताना ऐकताही येतं, त्यामुळे टक्कर झाल्याचं तिथल्या तिथे समजतं. हवेत ते जमत नाही, कारण स्वतःच्या रेडिओच्या आवाजापुढे दूरच्याचा आवाज बुडून जातो. शिवाय लिओनार्ड क्लाइनरॉक आणि फुआद तोबागी यांनी 1975 मध्ये आणखी एक अडचण नोंदवली. मध्ये बसलेल्याला दोन्ही टोकांचे लोक ऐकू येतात, पण टोकाच्या दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. हवा मोकळी आहे असं दोघांनाही वाटतं, दोघेही एकदम बोलतात आणि मधल्याच्या कानी नुसता गलका पडतो. सभागृहात खांबाआड बसलेले दोन फोन आजही हेच करतात.

मग 9 मे 1985 हा दिवस. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, मायकल मार्कस या अभियंत्याच्या आग्रहावरून, तीन पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले. त्यातला एक 2.4 गिगाहर्ट्‌झचा. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात अन्न तापवतात, त्यामुळे ही जागा इतरांच्या लेखी टाकाऊच होती. फुकट जागा मिळाली म्हटल्यावर तिचा उपयोग शोधणारे पुढे आले. त्यांच्यात होती गल्लापेट्या बनवणारी एनसीआर ही कंपनी. दुकानातली मांडणी बदलली की गल्ल्यापर्यंतच्या तारा पुन्हा ओढाव्या लागत. ती कटकट टाळायला कंपनीच्या नेदरलँड्‌समधल्या अभियंत्यांनी ‘वेव्हलॅन’ तयार केलं. त्यांच्यातलेच व्हिक हेज पुढे बिनतारी जाळ्यांचं मानक ठरवणाऱ्या 802.11 या समितीचे अध्यक्ष झाले. समितीचं मानक 1997 मध्ये आलं, वेग होता सेकंदाला 10 ते 20 लाख बिट. 1999 मध्ये तो 1 कोटी 10 लाखांवर गेला, ‘वाय-फाय’ हे नाव आलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ॲपलने आयबुक या लॅपटॉपसोबत ते घराघरात नेलं.

पाच-सात गल्ल्यांसाठी आखलेली पद्धत आता हजारांच्या सभागृहांत जाणार होती. तिच्यातही नंबर लावणारं कोणी नव्हतं. बोलण्याआधी ऐकायचं, हवा मोकळी दिसली तर 0 ते 31 मधला एक आकडा मनात धरायचा, तेवढ्या क्षणांची मोजणी करायची आणि मग बोलायचं. एक क्षण म्हणजे सेकंदाचा पन्नास हजारावा भाग. ज्याचा आकडा लहान तो आधी बोलणार. दुकानात हे झकास चालतं. पण 32 आकड्यांतून सात जणांनी आकडे धरले तर कोणा तरी दोघांचा आकडा एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त होते. टक्कर झाली की पुढच्या खेपेला आकड्यांची टोपली दुप्पट मोठी होते, मग चौपट, अशी 1023 पर्यंत. गर्दी जितकी दाट, तितका जास्त वेळ सगळे गप्प बसून आकडे मोजण्यात घालवतात.

सुरुवातीच्या आखणीकारांच्या मनात मात्र वेगळीच काळजी होती: लहर पोचते कुठवर? पिट्‌सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲलेक्स हिल्स यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकात ‘वायरलेस अँड्र्यू’ हे जाळं उभं राहिलं. अख्ख्या विद्यापीठभर पसरलेल्या बिनतारी जाळ्यांत ते अगदी पहिल्यांपैकी. (कार्नेगी आणि मेलन, दोघांचंही पहिलं नाव अँड्र्यू.) इमारतीच्या नकाशावर गोल काढायचे, दोन गोलांच्या मध्ये कोरा कोपरा राहता कामा नये, केंद्रं कमीत कमी लागली पाहिजेत, असं हे काम. उपकरण महाग होतं आणि लॅपटॉपधारक मोजके होते, तोवर हे बरोबरही होतं. सभागृहांतही तोच नकाशा वापरला गेला. एका दणकट केंद्राचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो ना, मग झालं.

झालं नाही, हे 2003 ते 2005 या काळात मोजून सिद्ध झालं.

गिरगावातल्या चाळीचा समाईक नळ डोळ्यांपुढे आणला तर ती मोजणी पटकन कळते. प्रत्येकाला एकेक भांडं भरायचा हक्क. रुंद तोंडाची बादली आणणारी झटकन मोकळी होते. पण रांगेत एकाने चिंचोळ्या तोंडाची बाटली आणली आणि थेंबथेंब भरत बसला, तर मागच्या सगळ्या बादल्या त्याच्याच गतीने पुढे सरकतात. ग्रनोबलच्या चार संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की वाय-फायमध्ये नेमकं असंच होतं. पद्धत सगळ्यांना सारखे नंबर देते, सारखा वेळ देत नाही. दूर कोपऱ्यातला एक लॅपटॉप 10 लाखांच्या संथ वेगाने बोलत असेल, तर केंद्राशेजारचा 1 कोटी 10 लाखांच्या वेगाचा लॅपटॉपही घसरत त्याच्याच पातळीला येतो.

दुसरी मोजणी मार्च 2005 ची, मिनियापोलिसमधली. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या अभियंत्यांची ती बासष्टावी परिषद होती. म्हणजे जाळी कशी चालतात हे जगात ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक तीच माणसं एका हॉटेलात लॅपटॉप उघडून बसली होती. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने तिथली हवा टिपून घेतली. चॅनेल 84 टक्के व्यापेपर्यंत पोचणारी माहिती वाढत होती, त्यापुढे ती कोसळू लागली. कारण मासलेवाईक होतं. टक्कर झाली की लॅपटॉपला वाटे आपली लहर क्षीण झाली. मग तो अधिक सावकाश बोले, म्हणजे हवा अधिक वेळ अडवे, म्हणजे इतरांच्या टक्करी वाढत. पलीकडच्याला नीट ऐकू जावं म्हणून शब्द लांबवत बोलणाऱ्या माणसाने भर बाजारात रस्ता अडवावा, तसं.

या दोन मोजण्यांनंतर आखणीचा धंदा उलटा फिरला. इतकी वर्षं लहर लांब जावी म्हणून धडपड केली, आता ती जवळच मरावी म्हणून सुरू झाली. दणकट केंद्राऐवजी दहा मवाळ केंद्रं. संथ वेग केंद्रातून बंदच करून टाकायचे, चिंचोळ्या बाटलीला नळावर यायची मनाई. एकाच केंद्रावर पाहुणे, कर्मचारी, पत्रकार अशी पाच नावं ठेवायची नाहीत, कारण प्रत्येक नाव स्वतंत्र पुकारा करतं.

याच उलटापालटीत 5 गिगाहर्ट्‌झचं नशीब उघडलं. त्या पट्ट्याचं मानक 1999 पासून होतं, पण त्याची लहर भिंत ओलांडताना दमते म्हणून त्याला वाली नव्हता. गर्दीत हाच दोष कामाचा ठरला. शेजारच्या दालनातला कलकलाट ऐकू येत नाही आणि सुटे चॅनेल तीनाऐवजी वीसच्या वर मिळतात. समजा, हजार माणसांचं दालन आहे, एका वेळी निम्मे जोडलेले आहेत, प्रत्येकाला सेकंदाला 10 लाख बिट पुरतात. एकूण गरज 50 कोटींची. अरुंद 20 मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलवरचं एक केंद्र भर गर्दीत खरोखर 5 कोटी वाहत असेल, तर केंद्रं लागणार दहा, आणि दहांना दहा वेगळे चॅनेल. 2.4 मध्ये हे गणित सुटतच नाही, 5 मध्ये आरामात सुटतं. 2009 आणि 2013 च्या मानकांनी दोन-चार चॅनेल जोडून एक रुंद, वेगवान चॅनेल करण्याची सोय दिली, खोक्यांवर मोठमोठे आकडे छापले गेले, तरी गर्दीच्या जागा आखणारे अरुंद चॅनेलच धरून बसले. रुंद रस्ता एकट्या गाडीला बरा. त्यांना गल्ल्या पुष्कळ हव्या होत्या. विमानतळाजवळच्या जागी तर यातल्याही काही गल्ल्यांवर पाणी सोडावं लागे, कारण त्याच पट्ट्यात हवामानाचे रडार असतात आणि रडारची चाहूल लागताच केंद्राने चॅनेल सोडायचा असा नियम आहे.

भारतात 2.4 गिगाहर्ट्‌झ 2005 च्या जानेवारीत विनापरवाना झाला. 5 गिगाहर्ट्‌झमधला मोठा पट्टा घराबाहेरही खुला व्हायला ऑक्टोबर 2018 उजाडला.

सभागृहाला निदान छत असतं. मैदानाचं काय? सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानात 2004 मध्ये प्रेक्षकांसाठी वाय-फाय आलं, तेव्हा ते लॅपटॉप घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींपुरतं होतं. 2007 मध्ये आयफोन आला आणि प्रत्येक आसनावर एकेक रेडिओ येऊन बसला. खांबावर वीस-तीस मीटर उंच टांगलेल्या केंद्राला हजारो फोन दिसतात आणि समोरच्या बाजूचं केंद्रही दिसतं. दोन्ही केंद्रं एकमेकांचं बोलणं संपण्याची वाट पाहत बसतात. यावर जो तोडगा निघाला तो ऐकायला विचित्र वाटतो: केंद्र आसनाखाली ठेवा. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि पाण्याला या लहरी शोषायला आवडतं, ओव्हन चालतो तो याच जोरावर. तेव्हा दाटीवाटीने बसलेले प्रेक्षकच भिंती होतात. आसनाखालची लहर आजूबाजूच्या काही रांगांपर्यंत जाते आणि पाय, मांड्या, पाठी यांच्यात जिरून जाते. चार रांगा पलीकडे तोच चॅनेल पुन्हा वापरायला मोकळा. इतके दिवस अडथळा म्हणून मोजलेली गर्दीच आखणीकाराने बांधकामात धरली.

अडचण एकच, या भिंती तपासणीच्या दिवशी हजर नसतात. रिकाम्या मैदानात केलेली मोजणी भरल्या मैदानाला लागू पडत नाही. बोइंग कंपनीने विमानातल्या वाय-फायसाठी हा पेच सोडवला तो बटाट्यांनी. बटाट्याचा आणि माणसाचा लहरींना होणारा अडथळा बराच सारखा असतो. मग 2012 च्या प्रयोगात, सेवेतून काढलेल्या एका विमानाच्या आसनांवर सुमारे 9,000 किलो बटाट्यांची पोती बसवली गेली आणि ती पोती दिवसेंदिवस न कंटाळता बसून राहिली. मैदानाच्या अभियंत्यांना इतके बटाटे कुठून मिळणार? ते पहिल्या काही सामन्यांना उपकरणं घेऊन रांगांमधून फिरतात आणि खेळ चालू असताना केंद्रांचे आवाज कमी-जास्त करतात.

सांता क्लाराचं लीवाइज स्टेडियम 2014 मध्ये उघडलं ते या पद्धतीचा नमुना म्हणूनच. आसनं सुमारे 68,500, केंद्रं सुमारे 1,200, त्यातली पुष्कळशी आसनांखाली. 7 फेब्रुवारी 2016 ला तिथे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, पन्नासावा सुपर बोल, झाला. त्या एका दिवसात मैदानाच्या वाय-फायवरून 10.1 टेराबाइट माहिती वाहिली. दोनच वर्षांपूर्वीच्या सामन्यात हा आकडा 3.2 होता. 2018 मध्ये मिनियापोलिसला 16.31, 2019 मध्ये अटलांटाला 24.05, आणि 2020 मध्ये मायामीला 26.42. माणसं तेवढीच, सत्तर हजारांच्या आसपास. आणखी एक बदल आखणीकारांना सांभाळावा लागला. घरी माणूस उतरवून घेतो जास्त आणि चढवतो कमी, मैदानात मात्र प्रत्येकाला आपण तिथे असल्याचा फोटो पाठवायचा असतो. एक उत्तम फटका बसला की हजारो फोन त्याच क्षणी बोलायला तोंड उघडतात.

मुंबईत गर्दी सामन्यापुरती येत नाही. 22 जानेवारी 2016 ला मुंबई सेंट्रल स्थानकात रेलटेल आणि गूगलचं मोफत वाय-फाय सुरू झालं. या योजनेतलं देशातलं ते पहिलं स्थानक. त्या वर्षअखेर शंभर स्थानकं झाली, जून 2018 मध्ये दिब्रुगढला चारशेवं. स्थानकाची आखणी मैदानापेक्षा वेगळी. फलाट म्हणजे लांबच लांब अरुंद पट्टी, तेव्हा केंद्रं ओळीने टांगायची आणि त्यांचे अँटेना फलाटाच्या दिशेने वळवायचे. माणसं आसनाला बांधलेली नाहीत. गाडी आली की शेकडो फोन एकदम दाखल होतात, त्यातले कित्येक नुसते डब्यात बसूनच जोडले जातात आणि गाडी सुटली की निरोप न घेता निघून जातात. अशा पाहुण्यांच्या नोंदी केंद्राला सांभाळाव्या लागतात, त्यांना दिलेले पत्ते लवकर परत मागवावे लागतात, नाहीतर पुढच्या गाडीला पत्ते शिल्लक राहत नाहीत. राज्य सरकारनेही जानेवारी 2017 मध्ये मुंबईत पाचशे ठिकाणी ‘आपले सरकार मुंबई वाय-फाय’ सुरू केलं.

या सगळ्या युक्त्या, मवाळ आवाज, आसनाखालची केंद्रं, अरुंद गल्ल्या, अब्रॅमसनच्या नियमाला वळसा घालणाऱ्या होत्या. नियम तोच राहिला होता: सुचेल त्याने बोलावं. तो बदलायचं ठरलं 2014 मध्ये. 802.11 समितीने त्या वर्षी हाती घेतलेल्या कामाचा रोख कमाल वेगाकडे नव्हता. दाट गर्दीत दर माणशी मिळणारा सरासरी वेग निदान चौपट करायचा, असं उद्दिष्ट कागदावर लिहिलं गेलं. त्यातून आलेलं मानक म्हणजे ‘वाय-फाय 6’. त्याची प्रमाणपत्रं सप्टेंबर 2019 पासून मिळू लागली. त्यात केंद्राला पहिल्यांदाच खरा अधिकार आला. एका अरुंद चॅनेलचे नऊपर्यंत तुकडे करून ते नऊ फोनना एकाच वेळी वाटायचे, कोणी कधी आणि किती बोलायचं ते केंद्राने सांगायचं. मोबाइल टॉवर हे पूर्वीपासून करत होते. अब्रॅमसनच्या बेटांवरून हद्दपार झालेली एक्स्चेंजमधली बाई जवळपास पन्नास वर्षांनी आसनाखालच्या डब्यात परतली. जुने फोन मात्र तिचं ऐकत नाहीत, ते आपला आकडा मनात धरूनच बोलतात, म्हणून दोन्ही रीती एकाच हवेत नांदवाव्या लागतात.

मायामीचा 26.42 टेराबाइटचा सामना झाला 2 फेब्रुवारी 2020 ला. त्याच महिन्यात गूगलने भारतातल्या स्थानकांवरून टप्प्याटप्प्याने काढता पाय घेत असल्याचं जाहीर केलं. मोबाइलचा डेटा इतका स्वस्त झाला होता की फुकट वाय-फायची निकड उरली नव्हती. स्थानकांची सेवा रेलटेल स्वतः चालवत राहणार होतं. कोरोनाच्या साथीमुळे 22 मार्चच्या रात्री मुंबईच्या लोकल थांबल्या, जगभरची मैदानंही ओस पडली. आणि 23 एप्रिलला अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने 6 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातली 1,200 मेगाहर्ट्‌झ जागा वाय-फायसाठी खुली केली. 1985 पासून जिच्यासाठी भांडणं चालली होती ती मोकळी हवा, एका फटक्यात, पूर्वीच्या सगळ्या पट्ट्यांच्या बेरजेहून जास्त. त्या दिवशी तिच्यात बोलायला गर्दी म्हणून कुठेच नव्हती. चालू ठेवलेली केंद्रं तेवढी रिकाम्या आसनांखालून सेकंदाला दहा वेळा आपापलं नाव पुकारत होती.